नवा लॅपटॉप आला, पण जुना इतक्यात पुसू नका

प्रश्न असा आहे: आठ वर्षं वापरलेला विंडोज १०चा लॅपटॉप, त्यात साधारण ३०० जीबी माल. नवा लॅपटॉप विंडोज ११चा. सगळं ‘जसंच्या तसं’ नव्यावर हवंय. एखादं सॉफ्टवेअर हे एका झटक्यात करतं का? की सरळ जुनी डिस्क काढून नव्यात बसवावी? आणि ब्राउझरमधले पासवर्ड कसे आणायचे?

आधी डिस्कचं बोलू, कारण तो बेत सोडून द्यावा असं माझं मत आहे. आठ वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपमध्ये बहुधा अडीच इंची साटा डिस्क असते. नव्या लॅपटॉपमध्ये ती ठेवायला जागाच नसते, तिथे च्युइंगगमच्या पट्टीएवढी एम.२ एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) बसते. समजा बसलीच, तरी तिच्यावरच्या विंडोजला जुन्या यंत्राचे ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम) माहीत, आणि जुन्या यंत्राबरोबर आलेलं विंडोजचं लायसन्स त्याच यंत्राच्या मदरबोर्डशी बांधलेलं. वर आठ वर्षांचा कचरा फुकटात सोबत येतो. ती डिस्क फेकायची मात्र नाही, तिच्याकडे शेवटी येतो.

एका झटक्याचं सॉफ्टवेअर: विंडोज ७च्या काळात ‘विंडोज ईझी ट्रान्सफर’ नावाचं बरं साधन विंडोजमध्येच होतं. विंडोज १०मध्ये ते काढून टाकलं. आता ‘विंडोज बॅकअप’ आहे. ते सेटिंग, वाय-फायचे पासवर्ड आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीत चढवतं आणि नव्या लॅपटॉपवर उतरवतं. सेटिंगसाठी जरूर वापरा. पण वनड्राइव्हची फुकट जागा ५ जीबी, आणि तुमचा माल ३००. प्रोग्रामांचं म्हणाल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेली अ‍ॅप्स परत येतात. बाकीच्यांची फार तर चिन्हं दिसतात, प्रोग्राम तुम्हालाच टाकावा लागतो. प्रोग्रामसकट सगळं हलवून देणारी विकतची सॉफ्टवेअरं आहेत. मी दोन-तीनदा वापरली आणि सोडली. अर्धवट आलेला प्रोग्राम उघडतो, चालतोय असं वाटतं आणि ऐन कामाच्या वेळी आडवा होतो. प्रोग्राम नव्याने टाका, फाइली हाताने आणा.

आता कामाला लागू. केबल शोधण्याआधी एक कागद घेऊन अर्धा तास बसा. त्यावर फोल्डरांची यादी करू नका, गेल्या वर्षभरात या लॅपटॉपवर काय काय *केलंत* ते लिहा. कर भरताना कुठली फाइल उघडली आणि सही कशी केली? मोबाइलमधले फोटो कुठे उतरवले? बायोडेटा कशात बनवला, पीडीएफ कशात जोडली, स्कॅन केलेले कागद कुठे जाऊन पडतात? वर्षातून एकदाच कुठला प्रोग्राम उघडता? डॉक्युमेंट्समधल्या फाइली कोणी विसरत नाही. वर्षातून एकदा लागणारी गोष्ट मागे राहते, आणि ती आठवते तेव्हा जुना लॅपटॉप कोणाला तरी देऊन सहा महिने झालेले असतात.

यात मी स्वतः ठेच खाल्ली आहे. बरीच वर्षं झाली. एका ओळखीच्या बाईंचा कॉम्प्युटर बदलून देत होतो. नव्यावर आउटलुक टाकलं, खातं जोडलं, खटाखट मेल उतरले. इनबॉक्स भरलेला बघून मी निश्चिंत झालो आणि त्याच संध्याकाळी जुना कॉम्प्युटर फॉरमॅट केला. दुसऱ्या दिवशी फोन आला: “मागच्या दोन आठवड्यांचेच मेल दिसतायत, आधीचे कुठे गेले?” खातं पॉप पद्धतीचं होतं. या पद्धतीत मेल सर्व्हरवरून उतरून तुमच्या यंत्रावरच राहतात. आउटलुकमध्ये सर्व्हरवर प्रत ठेवायची मुदत नेहमीच्या सेटिंगला १४ दिवसांची असते, आणि मला दिसले ते तेवढेच १४ दिवस होते. बाकीची सगळी वर्षं एका पीएसटी फाइलमध्ये होती, जी मी काही तासांपूर्वी पुसली होती. तेव्हापासून एक नियम केलाय: जुनं यंत्र किमान दोन महिने जसंच्या तसं, चालू अवस्थेत ठेवायचं. फाइली ‘हलवायच्या’ नाहीत, त्यांची प्रत न्यायची. कट-पेस्ट तर अजिबात नको, मध्येच वीज गेली की काय इकडे आणि काय तिकडे याचा पत्ता लागत नाही.

तर मेलपासूनच सुरुवात करा. आउटलुकच्या अकाउंट सेटिंगमध्ये खात्यासमोर पॉप लिहिलंय, आयमॅप की एक्स्चेंज, ते बघा. आयमॅप आणि एक्स्चेंजचे मेल सर्व्हरवर असतात, खातं जोडलं की परत येतात. त्यांची ओएसटी नावाची फाइल उचलून न्यायचा खटाटोप नको, ती नव्या यंत्रावर चालत नाही. पॉप असेल, किंवा तुम्ही कधी ‘आर्काइव्ह’ केलं असेल, तर पीएसटी फाइली शोधा. बहुधा डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’मध्ये सापडतील. कॉपी करण्याआधी आउटलुक पूर्ण बंद करा. थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम वापरत असाल तर त्याचा प्रोफाइल फोल्डर अख्खा उचलला की मेल, खाती, फिल्टर सगळं येतं.

फाइली शोधायचं मुख्य ठिकाण म्हणजे सी ड्राइव्हमधल्या ‘यूजर्स’ फोल्डरमधला तुमच्या नावाचा फोल्डर. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज, म्युझिक हे सगळं त्याच्या आत. ते घ्याच, पण तिथे थांबू नका. डी ड्राइव्ह असेल तर तो बघा. सी ड्राइव्ह उघडल्याबरोबर दिसणारे अनोळखी फोल्डरही बघा. हिशेबाची, बिलांची जुनी सॉफ्टवेअरं आपला डेटा तिथे थेट मांडून बसतात. अशा सॉफ्टवेअरचा फोल्डर नुसता कॉपी करण्यापेक्षा त्याच्या आतलाच बॅकअपचा पर्याय वापरा. प्रोग्राम चालू असताना उचललेला डेटाबेस अर्धवट येऊ शकतो, आणि ते कळतं नव्यावर उघडायला गेल्यावरच.

डेस्कटॉपवरची चित्रं म्हणजे प्रोग्राम नव्हेत, हे एकदा सांगतो, कारण दर वर्षी कोणीतरी पेन ड्राइव्हवर फोटोशॉपचा आयकॉन घेऊन येतं. कोपऱ्यात छोटा बाण असलेली एक-दोन केबीची फाइल ही नुसती वाट दाखवणारी पाटी असते. घर जुन्या डिस्कवरच राहतं.

मग ती फसवी गोष्ट, वनड्राइव्ह. लॅपटॉप सेट करताना कधीतरी ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबताना तुमचे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हच्या ताब्यात गेलेले असू शकतात. तिथल्या काही फाइलींची फक्त नावं लॅपटॉपवर असतात, ऐवज ढगात, म्हणजे इंटरनेटवर. ओळखायची रीत सोपी आहे. फोल्डरवर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, आणि ‘साइज’ व ‘साइज ऑन डिस्क’ हे दोन आकडे बघा. साइज ६२ जीबी आणि डिस्कवर ९ जीबी असं दिसलं, तर उरलेला ५३ जीबी माल तुमच्या लॅपटॉपवर नाहीच. फाइलीसमोर निळ्या ढगाची खूणही दिसते. अशा वेळी दोन रस्ते. वनड्राइव्ह पुढेही वापरणार असाल तर हा फोल्डर कॉपीच करू नका. नव्यावर त्याच खात्याने आत शिरा आणि त्याचं त्याला उतरू द्या. वापरणार नसाल तर फोल्डरवर उजवी टिचकी देऊन ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा, सगळ्या ढगांच्या जागी हिरव्या खुणा येईपर्यंत थांबा आणि मग कॉपी करा. गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांनाही हेच लागू. आणि सिंक (सगळीकडच्या फाइली आपोआप सारख्या ठेवणं) चालू असलेल्या जुन्या लॅपटॉपवर ‘आता लागत नाही’ म्हणून फाइली डिलीट करत बसू नका. तिथून गेलेली फाइल नव्यावरूनही जाते.

कॉपी कशावर? बाहेरची डिस्क सगळ्यात सोपी. ती एक्सफॅट किंवा एनटीएफएस फॉरमॅटची असू द्या, फॉरमॅट म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत. जुन्या पेन ड्राइव्हवर फॅट३२ असतं, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही, आणि पीएसटी किंवा घरगुती व्हिडिओ तेवढे सहज होतात. आतून निळ्या रंगाचं यूएसबी पोर्ट असेल तर ते वापरा, ते सहसा यूएसबी ३ असतं. यूएसबी २वर प्रत्यक्षात सेकंदाला ३०-३५ एमबी मिळतात, म्हणजे ३०० जीबीला अडीच तासांच्या आसपास. यूएसबी ३वर जुनी हार्ड डिस्क जेवढ्या वेगाने देईल तेवढा वेळ, सगळं सुरळीत असेल तर तासाभराच्या आसपास. हा हिशेब मोठ्या फाइलींचा. लाखभर बारीक फाइली असतील तर वेग इतका पडतो की काहीतरी अडकलंय असं वाटतं. अडकलेलं नसतं, रात्री लावून झोपा. त्याआधी पॉवर सेटिंगमध्ये जाऊन लॅपटॉप झोपणार नाही याची तजवीज करा, नाहीतर सकाळी उठून बघाल तर १२ टक्क्यांवर थांबलेलं.

बाहेरच्या डिस्कवर फोल्डरचं नाव ‘जुना’ असं आखूड ठेवा. ‘जुन्या लॅपटॉपचा संपूर्ण बॅकअप दिवाळीच्या आधीचा’ असं लांबलचक ठेवलंत तर भोगाल. विंडोजमध्ये ड्राइव्हपासून फाइलीपर्यंतच्या पूर्ण वाटेची लांबी मूळची २६० अक्षरांत बसवलेली आहे. फोल्डरात फोल्डर असलेल्या जुन्या रचनेपुढे आणखी ४० अक्षरं चिकटवली की ‘नाव फार लांब आहे’ असं म्हणत कॉपी अडते. घाईत ‘स्किप’ दाबलं जातं, आणि मागे राहिलेल्या फाइली कुठल्या ते नंतर कोणालाच सांगता येत नाही.

कॉपी झाली की मोजा. जुन्यावरचा डॉक्युमेंट्स आणि बाहेरच्या डिस्कवरचा डॉक्युमेंट्स, दोन्हींच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या बघा. पाच-दहाचा फरक विंडोजच्या स्वतःच्या लपलेल्या फाइलींमुळे पडू शकतो, शेकड्यांचा पडता कामा नये. मग चार फाइली उघडून बघा: एक मोठा व्हिडिओ शेवटपर्यंत सरकवून, एक जुनी एक्सेल, एखादी झिप. ‘क्रिएटेड’ तारीख आजची दिसेल म्हणून घाबरू नका. ‘मॉडिफाइड’ तारीख जुनीच राहते, आणि कॅमेऱ्याने फोटो काढल्याची तारीख फोटोच्या आत असते, तिला कॉपीने धक्का लागत नाही.

सेटिंगचं खरं घर ‘अ‍ॅपडेटा’ नावाच्या लपलेल्या फोल्डरात असतं, तुमच्या नावाच्या फोल्डरातच. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’ चालू केलं की दिसतो. याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ठेवा, पण ती उचलून नव्याच्या अ‍ॅपडेटावर थापू नका. नवा लॅपटॉप पहिल्याच दिवशी आजारी पाडायचा तो हमखास उपाय आहे. त्यातून वेचून घ्यायचं. ‘रोमिंग’च्या आत ‘मायक्रोसॉफ्ट’, आणि त्यात ‘सिग्नेचर्स’ म्हणजे आउटलुकच्या सह्या, ‘टेम्प्लेट्स’ म्हणजे वर्डचे साचे, आणि ‘यूप्रूफ’ म्हणजे तुम्ही वर्डला शिकवलेल्या शब्दांचा कोश. मराठीत लिहिणाऱ्याने हा शेवटचा फोल्डर विसरू नये. वर्षानुवर्षं ‘अ‍ॅड टू डिक्शनरी’ दाबून जमवलेले शब्द त्यात असतात, आणि तो नसला की पुन्हा सगळं पान लाल रेघांनी भरतं.

फॉन्टचंही तसंच. युनिकोड (अक्षरांची आजची सार्वत्रिक पद्धत) येण्याआधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली तुमच्याकडे असतील, तर नव्यावर तो फॉन्ट नसताना त्या उघडल्या की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते, फॉन्ट नसतो. विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरातून असे फॉन्ट उचला. तिथे सापडले नाहीत तर अ‍ॅपडेटाच्या ‘लोकल’मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट’, त्यात ‘विंडोज’, त्यात ‘फॉन्ट्स’ बघा. अलीकडच्या विंडोजमध्ये नुसत्या टिचकीने टाकलेला फॉन्ट तिथे जातो. मराठी कीबोर्ड कुठला वापरता, इनस्क्रिप्ट की फोनेटिक, तेही कागदावर लिहून ठेवा.

आता पासवर्ड. क्रोम किंवा एजमध्ये खात्याने साइन इन केलेलं असेल आणि सिंक चालू असेल तर काहीच करायचं नाही, नव्यावर साइन इन केलं की बुकमार्क आणि पासवर्ड येतात. मात्र ‘साइन इन आहे’ म्हणजे ‘सिंक चालू आहे’ असं नव्हे. सेटिंगमध्ये जाऊन पासवर्डांचं बटण चालू आहे ना ते डोळ्यांनी बघा. सिंक नको असेल तर क्रोमचा फोल्डर कॉपी करून पासवर्ड येत नाहीत, कारण ते त्या यंत्रावरच्या तुमच्या विंडोज खात्याच्या किल्लीने बंद केलेले असतात. त्याऐवजी पासवर्ड मॅनेजरमधून ‘एक्सपोर्ट’ करा. जी सीएसव्ही फाइल निघते तिच्यात सगळे पासवर्ड उघडे, कोणालाही वाचता येतील असे असतात. नव्यावर ‘इम्पोर्ट’ झालं की ती दोन्हीकडून, पेन ड्राइव्हवरून आणि रिसायकल बिनमधूनही काढा. ही फाइल स्वतःलाच मेल करणारे लोक मी पाहिले आहेत, तसं करू नका. फायरफॉक्सचं वेगळं आहे. त्याचा प्रोफाइल फोल्डर अख्खा नेला की पासवर्ड, बुकमार्क, इतिहास सगळं सोबत येतं. म्हणूनच तो फोल्डरही कुठे उघडा टाकू नका.

काही खाती नव्या यंत्रावर शिरताना जुन्या यंत्रावर ‘तुम्हीच आहात ना’ असं विचारतात. काही पासकी (पासवर्डऐवजी वापरायच्या किल्ल्या) विंडोज हॅलोत, म्हणजे त्याच लॅपटॉपच्या बोटाच्या ठशामागे साठवलेल्या असतात आणि बहुतेकदा तिथून हलत नाहीत. जुना चालू असतानाच नव्यावर महत्त्वाच्या प्रत्येक खात्यात एकदा शिरा आणि नवी पासकी बनवा. डिजिटल सहीचंही बघा. ती यूएसबी टोकनवर असेल तर नव्यावर फक्त ड्रायव्हर लागतो. विंडोजमध्येच बसवलेली असेल तर खासगी किल्लीसकट एक्सपोर्ट करावी लागते, आणि देताना तशी परवानगी बंद ठेवली असेल तर नवीनच घ्यावी लागते. हे सही करायच्या शेवटच्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

लायसन्स लागणाऱ्या प्रोग्रामांची यादी करा आणि जुन्यावरून रीतसर साइन आउट किंवा ‘डीअ‍ॅक्टिव्हेट’ करा. उदाहरणार्थ अ‍ॅडोबी क्रिएटिव्ह क्लाउड एका वेळी दोनच कॉम्प्युटरवर चालू राहतं. प्रिंटर, वॉलपेपर, टास्कबारवरची चिन्हं यांच्यामागे वेळ घालवू नका, दहा मिनिटांत नव्याने होतात. व्हॉट्सअ‍ॅप फोनवरून पुन्हा जोडा.

एक्सेलच्या फाइली दुसऱ्या फाइलींना जोडलेल्या असतील तर ते जोड तुटू शकतात. जुन्यावर तुमच्या फोल्डरचं नाव काहीही असो, नव्यावर मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केली की विंडोज ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांवरून फोल्डरचं नाव ठेवतं. वाट बदलली की जोड तुटला. ‘डेटा’ टॅबमधल्या ‘एडिट लिंक्स’ किंवा ‘वर्कबुक लिंक्स’मध्ये जाऊन नवी जागा दाखवा.

मॅकवाल्यांसाठी दोन ओळी पुरतात. मॅकवरून मॅकवर जायचं असेल तर ‘मायग्रेशन असिस्टंट’ खरोखरच प्रोग्रामसकट सगळं नेतो, तो वापरा. मॅक आणि विंडोज यांच्यात ये-जा असेल तर डिस्क एक्सफॅटची हवी, कारण मॅक एनटीएफएसवरचं वाचतो, लिहीत नाही.

आता जुन्या डिस्ककडे. लॅपटॉप चालूच होत नसेल तर साटा डिस्क काढून यूएसबीच्या खोक्यात, म्हणजे एन्क्लोजरमध्ये घालायची आणि नव्याला जोडायची. फोल्डर उघडताना ‘परवानगी नाही’ म्हणेल. नव्या लॅपटॉपवर तुमचं खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं असेल तर ‘कंटिन्यू’ दाबून थांबा, मोठ्या फोल्डरला वेळ लागतो. ४८ आकडी रिकव्हरी की मागितली तर डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलुपाने बंद आहे. कित्येकांना आपल्या लॅपटॉपवर ते चालू आहे हेच माहीत नसतं. ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, म्हणून लॅपटॉप धडधाकट असतानाच ती कागदावर उतरवून ठेवा.

तुमचा जुना चालतोय, तेव्हा दोन महिने तो बाजूला ठेवा. विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यामुळे रोजच्या वापराला आणि बँकेच्या कामाला तो घेऊ नका. नुसता विसरलेलं शोधायला उघडा. प्रत्येक वेळी काय शोधायला उघडला ते त्याच कागदावर लिहा. त्यातले शेवटचे चार आठवडे कागदावर नवीन काही आलं नाही आणि सगळ्या मालाच्या दोन प्रती, एक नव्यावर आणि एक बाहेरच्या डिस्कवर, हातात आहेत, की पुसायला हरकत नाही. पुसताना सेटिंगमधल्या ‘रीसेट धिस पीसी’त ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा आणि पुढच्या पानावरच्या ‘चेंज सेटिंग्ज’मध्ये ‘क्लीन डेटा’ चालू करा. नुसतं डिलीट किंवा झटपट फॉरमॅट केलेल्या हार्ड डिस्कवरून फाइली परत काढता येतात. जुन्यात एसएसडी असेल आणि बिटलॉकर बंद असेल तर आधी ते चालू करून पूर्ण एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होऊ द्या, मग रीसेट करा. एसएसडी नवं लिखाण कुठे करायचं ते स्वतः ठरवते, त्यामुळे वरून पुसल्याने प्रत्येक कोपरा पुसला गेला याची खात्री नसते. किल्लीच गेल्यावर मात्र उरलेलं कोणाला वाचता येत नाही.